गाव कोणतं?

नवऱ्याचे, डोमाजीचे, गुडघे गेल्यापासून घर गीताबाईच्या सुईवर चालायचं. जबलपूरच्या गोहलपुरातल्या सलवार-सूटच्या कारखान्यात ती काज-बटणाला बसायची. जन्म जबलपूरच्याच महाराजपुरातला, नांदणंही तिथलंच. तरी कोणी गाव विचारलं की तोंडून निघायचं, "पवनी. भंडारा जिल्हा." तिचा बाप हेच सांगायचा. आपल्या लोकांत गाव म्हणजे आजानं सोडलेलं गाव. चूल पेटते ते नुसतं ठिकाण.

यंदा वस्तीतली पोरं कारखान्याच्या फाटकाशी येऊन भांडली. अर्ध्याच्या वर कारागीर बाहेरचे, आमचे लोक घरी बसले! मालकानं कबूल केलं, चारात एकच बाहेरचा ठेवू.

गीताबाईला बरंच वाटलं. इस्त्रीवाल्या रामजतनला ती म्हणाली, "चलो भैया, बिस्तर बांधो. बिहार की गाडी लगी है."

रामजतन हसला नाही. इस्त्री फिरवत राहिला.

दुपारी मुनीम तुळशीराम एकेकाला विचारत आला. मागे वस्तीतली दोन पोरं.

"गाँव?"

"यही गोहलपुर," रामजतन म्हणाला. "बच्चे यहीं हुए, अम्मा को यहीं फूँका. और कौन सा गाँव?"

पोरांनी मान डोलावली. तुळशीराम पुढे सरकला.

"दीदी, आपका गाँव?"

"पवनी. भंडारा जिल्हा," दातांनी दोरा तोडत ती ऐटीत म्हणाली.

"मतलब महाराष्ट्र?"

"मग काय तर!"

संध्याकाळी ज्यांना उद्यापासून येऊ नका म्हटलं, त्यांत ती होती.

"अरे भैया, मेरा जनम महाराजपुर का है!"

"दीदी, सबके सामने आपने ही बोला. अब बदलूँ तो लड़के मुझे नोचेंगे."

रामजतननं तिचा डबा आणून दिला. हळूच म्हणाला, "हम बोल दें, दीदी, कि आप यहीं की हैं?"

"नको. तुझंही काम जाईल." तिनं मान वर केली नाही.

घरी डोमाजी चिडला. "काहून सांगितलं वो पवनी? तिथं आपलं एक ढेकूळ तरी आहे काय?"

"त्यानं गाव विचारलं. मी गाव सांगितलं."

पवनीला ती आयुष्यात एकदाच गेली होती, चुलतबहिणीच्या लग्नाला. पंगतीत वाढणारी ओरडली होती, "त्या जबलपूरवालीला भात द्या वो!" तेव्हा तिला फार राग आला होता. मी काय परकी आहे?

आता ती उंबऱ्यावर बसली होती. रस्त्यानं खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातल्या ड्युटीवरून सुटलेली माणसं घरी चालली होती. आज कोणी तरी तिला जबलपूरवाली म्हणायला पाहिजे होतं.