न सांगता जायची रीत

मनिलातली सकाळ कशी झकास गेली! घोडागाडीतून जुना किल्ला पाहून झाला, दिविसोरियाच्या बाजारात पाच वर्षांच्या मायुमीला लाल चपला घेतल्या, आणि आता मॉलमध्ये तळलेली कोंबडी न् गोड स्पॅगेटी. पोरीचं तोंड सॉसने माखलेलं. तिला बिचारीला कुठं ठाऊक, की ही सगळी चैन तिला भुलवायला चाललीय? संध्याकाळच्या विमानाने तिची आई, रोवेना, दोन वर्षांसाठी कुवेतला घरकामाला निघाली होती.

बेत आजीचा, म्हणजे रोवेनाच्या आईचा, इसिंगचा. पोर मॉलमधल्या घसरगुंडीवर रमली की रोवेनाने हळूच सटकायचं. त्यांच्यात असंच जातात. सांगितलं तर पोर रडते, आणि पोराचं रडणं ऐकून कुठल्या आईचा पाय निघतो?

"चल, अंगातला तो शर्ट काढून दे आधी," बाथरूमच्या दाराशी इसिंग कुजबुजली. तीन दिवस रोवेना तोच घालून होती. आईच्या घामाचा वास उशाला असला की पोरं ध्यास घेत नाहीत, तापत नाहीत.

रोवेनाने शर्ट काढून दिला, नवा चढवला, आणि तिचं डोकंच भणभणलं.

"माझ्या वेळचा तुझा शर्ट मावशीने चुकून धुऊन टाकला होता, माहितीय? वास गेला आणि मी आठ दिवस तापाने फणफणले. तू तिकडे हाँगकाँगला लोकांची भांडी घासत होतीस!"

"मग काय करायला हवं होतं? मागे वळून पाहिलं असतं तर गेलेच नसते. तुला काय माती खायला घातली असती?"

"निदान सांगून तरी जायचंस! मी किती दिवस दारात बसून होते गं, आई."

इसिंग शर्टाची घडी घालू लागली. रोवेना तरातरा घसरगुंडीपाशी गेली, पोरीसमोर उकिडवी बसली आणि सांगून मोकळी झाली. विमान, दोन वर्षं, सगळं.

मायुमीने असं भोकाड पसरलं की आजूबाजूची माणसं खायची थांबली. इसिंग कपाळावर हात मारत धावली. "झालं समाधान? मेले, घातलास ना पोरीच्या जिवाला घोर!"

हुंदके देतादेताच पोरीने आईचा हात गच्च धरला आणि आजीकडे बोट दाखवलं.

"तू नको जाऊस. आजीला पाठव! तिला सगळी कामं येतात."

रोवेनाला हसूही आलं न् रडूही. इसिंगने खाली वाकून नातीचं नाक पुसलं.

"गेले असते गं, बाळा," ती म्हणाली, "पण मला आता कोण घेतंय?"