ज्याचं नाव, त्याच्याच हातात

न विचारता मदत करणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग आहे. भांडकुदळ माणूस परवडला, तो निदान समोरून येतो. आमचे मॅनेजर व्यंकटराव मात्र हसतमुखाने दुसऱ्याच्या संसारात हात घालायचे आणि वर स्वतःच्या चांगुलपणावर खूश होऊन सगळ्यांना चहा मागवायचे.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजारपेठेत आमची पतसंस्था होती. मी कॅशियर. शिला कॉम्प्युटरवर. ती जवळच्या बंजारा तांड्यावरची सून, बारावी झालेली, हिंगोलीला कोर्स करून आलेली. दोन हजार आठच्या सुमारास संस्थेत इंटरनेट आलं आणि व्यंकटरावांनी शिलाकडून वेबसाइटवर कमरेचा पट्टा मागवून घेतला. पट्ट्याने कंबर दुखायची काही थांबली नाही, पण बाजारपेठेला चटक लागली. केस काळे करायचं तेल, उंची वाढवायच्या गोळ्या, शेजारणीकडे नसलेली साडी. दुपारी गर्दी ओसरली की लोक शिलाच्या टेबलाशी येऊन हळूच सांगायचे आणि पत्ता हमखास संस्थेचा द्यायचे. घरच्या पत्त्यावर मागवलं की सासू विचारणार, दीर उघडून बघणार. वस्तू पोस्टाने व्ही.पी.नं यायची, म्हणजे पोस्टमनला पैसे मोजले की पार्सल हातात.

हळूहळू संस्थेत ठेवींपेक्षा पार्सलं जास्त झाली. ती सांभाळायची शिला. लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा तिने त्यासाठी रिकामा केला आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. नियम एकच होता, ज्याचं नाव त्याच्याच हातात. एकदा समोरचा किराणा दुकानदार बायकोचं पार्सल न्यायला आला.

"वैनीला पाठवा," शिला म्हणाली.

"अगं, मी नवरा हाय तिचा!"

"व्हय. पन नाव तिचं हाय."

तो चिडून गेला. व्यंकटराव हसून म्हणाले, "शिला, तुझ्यापुढं बँकेचा लॉकर झक मारतो." ती हसली नाही. ती एवढी कडक का होती, ते फक्त मला माहीत होतं.

तिचा नवरा विकास प्यायचा. प्यायलेला नसला की लाख माणूस. पोरीला खांद्यावर घेऊन शेतातून यायचा, आईचे पाय दाबायचा. प्याला की घरातलं भांडं न् भांडं अंगणात यायचं आणि शिलाच्या अंगावर वळ उठायचे. मी तिला म्हटलं होतं, "सरळ इचार की त्याला, सोडतो का न्हाई म्हून."

"इचारलं की म्हणतो सोडतो," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून सोडूनच राहिलाय, बाई."

मग एका दुपारी तिने स्वतःसाठी मागणी नोंदवली. दारू सोडवायची पावडर. डबीवर लाल फुली मारलेली बाटली आणि खाली ओळ, 'पिणाऱ्याला न सांगता जेवणात मिसळा'. महिन्याला एक अशा तीन डब्या आपोआप येणार होत्या. पहिली आली तेव्हा तिने पावडर जिऱ्याच्या जुन्या डब्यात ओतली आणि रिकामी डबी संस्थेच्या मागे जाळून टाकली. मला म्हणाली, "त्याला कळलं तर मला जित्ती ठेवणार न्हाई. बायको जेवनात औषध घालती म्हून तांड्यात तोंड दाखवता येईल का त्याला?"

आणि काय सांगू, विकासची दारू खरंच सुटली. पहिल्या आठवड्यात तो थरथरत होता, अन्नावर वासना नव्हती. मग सावरला. महिन्याच्या बाजाराला पोरीला, म्हणजे पुजाला, घेऊन आला आणि संस्थेच्या दारात उभा राहून शिलाला म्हणाला, "चल, भजे खाऊ." शिला उठताना माझ्याकडे बघून अशी हसली की मला भरून आलं. त्या पावडरवाल्याचं भलं होवो, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

दुसरी डबी यायची होती त्याच दिवसांत पुजाला ताप आला. शिला रजा घेऊन तिला हिंगोलीला दवाखान्यात घेऊन गेली. कपाटाची किल्ली आदल्या दिवशी माझ्याकडे दिली आणि बजावलं, "माझं आलं तर कप्प्यात टाकजा." मी तर कप्प्याजवळ बसूनच राहणार होते. पण सकाळी रोकड कमी पडली आणि व्यंकटरावांनी मला सेनगावला बँकेत पिटाळलं.

दुपारी परत आले तर साहेब चहा पीत होते.

"शिलाचं पार्सल आलं होतं," ते म्हणाले. "पोस्टमन परत नेत होता. म्हटलं, बिचारीला कशाला तकलीफ? मी पदरचे पैसे भरले आणि दिलं सोनाजीकडं. तांड्यावरून त्याची जीप जातेच."

"मी येईपर्यंत ठेवायचं की!"

"कपाटाला कुलूप. ठेवू कुठं?"

त्यांच्या टेबलाला चांगला हातभर खोल खण होता. त्यात अडकित्ता आणि सुपारी होती. मी तशीच रस्त्यावर पळाले.

आमच्याकडे जीपने काय जात नाही? कुणाचा डबा, कुणाच्या गोळ्या, माहेरचा निरोप, सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, दारात जो येईल त्याच्या हातात देतो आणि पुढे जातो. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. सोनाजीनेही तेच केलं होतं. तो परतीच्या फेरीला मला स्टँडवर भेटला. "दिलं की, बाई. इकासच व्हता घरी. त्याच्याच हातात दिलं," तो म्हणाला. त्याला वाटलं मी शाबासकी देईन.

पुढचं मला शिलाने सांगितलं. ती संध्याकाळी पोरीला घेऊन घरी आली तेव्हा विकास ओट्यावर बसला होता. मांडीवर फोडलेलं पार्सल, हातात डबी. ती दारातच थिजली. आता मार बसणार म्हणून तिने पुजाला सासूकडे ढकललं. पण त्याने हात उचलला नाही.

"कवापासून?" त्याने विचारलं.

"मागच्या महिन्यापासून."

"जेवनातून?"

तो डबीवरची ओळ पुन्हा वाचत राहिला आणि शेवटी म्हणाला, "म्हंजे हे औषध व्हतं व्हय." एवढंच. उठला, डबी नाल्यात भिरकावली आणि निघून गेला. महिनाभर कोरडा राहिलेला माणूस त्या रात्री हातभट्टीवर बसून पीत सुटला. सकाळी नाल्याच्या कडेला पालथा सापडला.

पोलिसांनी अपघात लिहिला. डॉक्टर म्हणाले, दारू फार झाली होती. पण तांड्यात ती डबी सगळ्यांना माहीत झाली होती आणि अनुसयाबाईने, शिलाच्या सासूने, प्रेताशेजारी बसूनच सांगून टाकलं, "त्या औषधावर दारू पडली आन त्याचं इख झालं. हिनंच मारलं माह्या लेकाला." दिवस झाल्यावर शिलाला घराबाहेर काढलं. पुजाला ठेवून घेतलं. जिने नवऱ्याला घातलं ती लेकराला काय खाऊ घालील, असं म्हणाली. पोर दारात हंबरडा फोडत होती आणि आजीने तिचा हात सोडला नाही.

शिला माझ्या घरी राहिली. कामावर यायची, खाली मान घालून नोंदी करायची. पार्सलांच्या मागण्या घेणं तिने बंद केलं. रात्री उशीत तोंड खुपसून रडायची आणि मला ऐकू जात नाही असं समजायची. दोनदा तांड्यावर गेली, पोरीला लांबून बघून परत आली. व्यंकटरावांनी चहा मागवणं सोडलं होतं. त्यांचं तोंड बघितलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

महिना भरला आणि तिसरी डबी आली. आपोआप येणारच होती. पोस्टमनने नाव वाचलं आणि सगळ्यांनी शिलाकडे बघितलं.

"परत पाठवू का?" व्यंकटरावांनी चाचरत विचारलं.

"न्हाई," शिला म्हणाली. "माझ्या नावाचं हाय. माझ्या हातात द्या."

तिने पार्सल फोडलं नाही. तांड्याचे नायक, म्हणजे मुखिया, अमरसिंग यांना निरोप धाडला की सगळ्यांना बसवा, मला माझी पोर मागायची आहे.

रविवारी आम्ही सोनाजीच्या जीपने गेलो. व्यंकटरावही आले. नका येऊ म्हटलं तरी आले. लिंबाखाली माणसं जमली होती. अमरसिंग म्हातारे, पण माणूस न्यायाचा. त्यांनी आधी अनुसयाबाईला बोलू दिलं. ती गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत बोलली, मला सगळं कळलं नाही, पण 'इख' तेवढं कळलं. मग शिला उभी राहिली. तिने सगळ्यांदेखत पार्सल फोडलं.

"तीच डबी हाय," ती मराठीत म्हणाली, आम्हालाही कळावं म्हणून. "सगळी खाते. वरून दारू पेते. मेले तर तुमचं खरं. जगले तर माझी पोर द्या."

"शिला, येडी झाली का?" मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला. नायकही नको म्हणाले. बाईमाणसाने चारचौघांत दारू प्यायची, ही कसली रीत? पण ती हटेना. आणि एक सांगते, मागितल्यावर बाटली यायला जरासुद्धा वेळ लागला नाही.

ती मातीत बसली. चमच्याने कोरडी पावडर तोंडात टाकत गेली. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबली नाही. डबी रिकामी झाल्यावर तिने पेला उचलला. ज्या वासाने तिचा जन्म नासवला त्या वासाचा पेला तिने डोळे मिटून घशाखाली उतरवला. समोर घराच्या दारात पुजा उभी होती, एका बाईने तिला धरून ठेवलं होतं.

सगळे वाट बघत बसले. लिंबाची सावली सरकून पार गोठ्यापर्यंत गेली. शिलाचं तोंड लाल झालं होतं, मान डुलत होती, पण त्यापलीकडे काही नाही. ना उलटी, ना झटका.

शेवटी अमरसिंग म्हणाले, "बराबर हाय. इख न्हाई ह्यात. पोर आईची."

मी देवाचे आभार मानले. सगळं तिथेच संपायला हवं होतं. पण व्यंकटराव सोबत होते ना. एवढ्या दिवसांनी मदत करायची संधी मिळाली म्हटल्यावर त्यांना राहवेल कसं? त्यांनी डबीच्या तळाला बोट फिरवलं, चाटलं, आणि आनंदाने ओरडले, "अहो, इख कसलं? औषधसुद्धा नाही हे! पिठीसाखर आहे आणि जराशी सुंठ. हिच्यानं कुणाला काय होणार? अहो, हिच्यानं दारूसुद्धा सुटणार नाही!"

शिलाने मान वर केली. दारूने जड झालेले तिचे डोळे एकदम मोठे झाले. तिला कळलं, आणि तिचं तोंड बघून मला कळलं.

अनुसयाबाई उठून उभी राहिली. ती व्यंकटरावांच्या जवळ आली, रिकामी डबी त्यांच्या हातातून घेतली आणि आत बघितलं.

"मंग त्याची कशानं सुटली व्हती?" तिने मराठीतच विचारलं.

तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

"मला म्हणला व्हता," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "पुजाच्या डोस्क्यावर हात ठिवून म्हणला व्हता, आई, सोडून राहिलो. शिलाला सांगू नको म्हणला. तिला लई येळा सांगून फसवलं, आता टिकलं तरच सांगीन. मग ही डबी निघाली. मला वाटलं, लेक आपला खोटं बोलला, औषधानं सुटली व्हती. त्याला बी तसंच वाटलं आसंल." ती शिलाकडे वळली. "त्यानं सोडली व्हती गं. सोताच्या जिवावर सोडली व्हती."

शिलाच्या तोंडून आवाज निघाला, तो मला अजून ऐकू येतो. ती ओकली नाही, रडली नाही. दोन्ही हातांनी माती धरून बसली होती. मी तिला उठवायला गेले तर हलेना.

अनुसयाबाई घरात गेली. पुजाचे दोन फ्रॉक पिशवीत घालून घेऊन आली, पोरीला जीपमध्ये बसवलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला. आम्ही शिलाला दोन्हीकडून धरून आणलं आणि पोरीशेजारी बसवलं. पोर तिला चिकटली आणि लगेच नाक आक्रसून म्हणाली, "आई, तुझा बाबासारखा वास येऊन राहिला."

अनुसयाबाईने जीपचा दांडा धरला.

"घेऊन जा लेकरू तुझं," ती शिलाला म्हणाली. "पन ती मोठी झाली, बापाचं इचारू लागली, तर दारूनं मेला येवढंच नको सांगू. त्यानं सोडली व्हती, हे बी सांग."

शिलाने मान हलवली. मग व्यंकटराव पुढे बसले आणि सोनाजीने गाडी सुरू केली.