कोरिनने मागे ठेवलेलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. खडूने लिहायचा नव्हे, टाचण्या टोचायचा. अंगात बुचाचा भुसा आणि भोवती मेपलच्या लाकडाची चौकट. लोकांनी टोचावं आणि आपण हूं की चूं करू नये, हा माझा जन्माचा धंदा. त्यामुळे बोलण्यात थोडी कुरकुर आली तर वयाचा दोष समजा.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका लहानशा कॉलेजच्या सुतारखान्यात मी तयार झालो. आधी भूगोल विभागात नकाशे मिरवले. पुढे चौकटीचा एक कोपरा फुटला आणि मला भंगारात काढलं. तेव्हा हॅरिएट ऑस्ट्रँडर नावाच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, "अहो, कोपराच गेलाय ना? बाकी धडधाकट आहे की." त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं. ते उपकार मी विसरलेलो नाही.

हॅरिएटबाईंचं काम जगावेगळं होतं. कॉलेजात रसायनशास्त्र, इतिहास, संगीत अशा पदव्या तयार मिळत. पण एखाद्याचा प्रश्न कुठल्याच एका विषयात मावत नसेल, तर त्याने आपली पदवी आपणच रचायची, तिचं नावही आपणच ठेवायचं आणि समितीकडून मंजूर करून घ्यायची. ही रचना माझ्या अंगावर होई. मधोमध प्रश्नाचं कार्ड, भोवती निरनिराळ्या विभागांतल्या अभ्यासक्रमांची कार्डं आणि त्यांना जोडणारा लाल दोरा. एका मुलाने पावावर पदवी रचली. एकीने मधमाश्या आणि कायदा एका दोऱ्यात ओवले.

मंजुरी मिळाली की कार्डं काढून न्यायची, पण एक मागे ठेवायचं, अशी तिथली रीत होती. जे शिकायचं मनात होतं आणि सोडावं लागलं, ते कार्ड. माझी कड अशा कार्डांनी भरली होती. पोहणं, अरबी भाषा, तारे ओळखणं. पाहुणे आले की कॉलेजचे अध्यक्ष मला दाखवून म्हणत, "हे आमच्या कॉलेजचं काळीज." काळजात इतक्या टाचण्या कोण टोचतं, असं माझ्या अगदी ओठांवर यायचं.

मग एका वसंतात कोरिन पेल्टिए आली. नदीकाठच्या एका गावात कागदाची गिरणी होती, तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या घरातली ही मुलगी. तिच्या वडिलांनी, आल्फे यांनी, लगदा पांढरा करायच्या खात्यात, क्लोरीन वायूच्या नळांपाशी, तीस वर्षं काढली होती आणि आता त्यांना घरचा जिना चढवत नव्हता. कोरिनने मधोमध कार्ड लावलं, "आमच्या गावची माणसं धापा का टाकतात?" भोवती रसायनशास्त्र, फुप्फुसांचे आजार, कामगारांचे कायदे. आणि एका बाजूला एकच शब्द, "ऐकणं". त्याखाली बारीक अक्षरात, "पपांची मुलाखत, आमच्या फ्रेंचमध्ये."

"सगळा दोरा याच कार्डातून का फिरवलास गं?" हॅरिएटबाईंनी विचारलं.

"बाकीचं पुस्तकात मिळेल, हॅरिएट. हे फक्त पपांच्या डोक्यात आहे."

बाई खूश झाल्या. पण लगेच बजावून म्हणाल्या, "मंजुरी येईपर्यंत त्यांचं काही नोंदवू नकोस हं. आधी घेतलेली मुलाखत अभ्यासात धरत नाहीत." कुणाला फसवून बोलतं करू नये, म्हणून केलेला तो नियम होता. हेतू चांगलाच होता.

सप्टेंबरात समितीने अर्ज परत पाठवला. कोरिनने पदवीला "गिरणीचा श्वास" असं नाव दिलं होतं. श्वास ही काय विद्याशाखा आहे, असा शेरा त्यावर आला.

"नाहीये," कोरिन फणकारली. "पण तो थांबला की बाकीच्या शाखा बंद पडतात, एवढं त्यांना सांगा."

शेवटी तिने लांबलचक, कोरडं नाव घातलं. नोव्हेंबरात अर्ज पुन्हा परत आला. एक सही चुकीच्या रकान्यात पडली होती.

थँक्सगिव्हिंगच्या सणाची सुट्टी संपवून ती आली, तेव्हा बर्फाचे बूटही न काढता खुर्चीत बसली. "पपा स्वतःहून बोलायला लागले होते, हॅरिएट. कधी नाही ते. म्हणाले, 'ज्या दिवशी मोठा नळ फुटला ना...' मी त्यांना थांबवलं. म्हटलं, आत्ता नको पपा, मंजुरी येऊ दे, मग नीट सगळं टिपून घेते."

"मग?"

"हसले. म्हणाले, 'बरं बाई, तुझ्या साहेबांना विचारून सांग.'"

त्याच दिवशी हॅरिएटबाईंनी स्वतः अर्ज घेऊन समितीच्या माणसाला गाठलं. पण बैठक फेब्रुवारीतच व्हायची होती. जानेवारीच्या थंडीत आल्फे गेले.

मार्चात मंजुरीचं पत्र आलं. सोबत अभिनंदनही होतं. बाईंनी ते वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. "पोरी, मी तुला अर्ज भरायला शिकवलं. आधी घरी जाऊन बापाजवळ बस, हे सांगायला हवं होतं मी."

"तुम्ही नाही थांबवलंत त्यांना," कोरिन म्हणाली. "मी थांबवलं."

मग तिने एकेक कार्ड काढलं. "ऐकणं" मात्र तसंच राहू दिलं आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलं, "ज्या दिवशी मोठा नळ फुटला." पुढची जागा कोरी सोडली. मला इतकी वर्षं टाचण्या टोचल्या, पण दुखलं ते त्या दिवशी.

कोरिनला पदवी मिळाली. हॅरिएटबाई निवृत्त झाल्या. आता पदव्या संगणकावर रचतात आणि मी वसतिगृहाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांशेजारी टांगलेला आहे. माझ्यावर हरवलेल्या पायमोज्यांच्या चिठ्ठ्या लागतात. कडेची जुनी कार्डं कुणीतरी उपटून टाकली. कोरिनचं तेवढं उरलंय, कारण त्याची टाचणी गंजून माझ्या अंगात रुतली आहे.

मित्रांनो, मला पुसा, माझा कोपरा सांधा, असं मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले. पण तुमच्या घरी कुणी आपणहून काही सांगायला लागलं, तर वही शोधायला उठू नका. तिथेच बसा आणि विचारा, मग पुढे काय झालं?