अक्काच्या वतीनं

नववीत मी इलेक्ट्रॉनिक्स हा व्यवसाय विषय घेतला तो फक्त अक्कामुळं. तोवर मी वर्गात मागच्या बाकावर भिंतीला चिकटून बसायचे. मग तालुक्याच्या प्रदर्शनात आम्ही एक मॉडेल ठेवलं, टाकी भरली की मोटार आपोआप बंद. आमच्या गटातला बोलका पोरगा नेमका तापानं पडला आणि बाईंनी पाहुण्यांपुढं मला उभं केलं. काय झालं कुणास ठाऊक, मी जी सुरू झाले ती पाहुणे पुढच्या टेबलावर गेले तरी बोलतच होते. तेव्हापासून घरात कुणाला कुणाशी काही बोलायचं असलं की मला पुढं करतात. अव्वा, म्हणजे आमची आई, म्हणते, "हिच्या नरड्यात कुणीतरी खटका बसवलाय, चालू करता येतो, बंद करता येत न्हाई."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, महानंदा. दहावी झाली आणि ती देगलूर सोडून नांदेडला आयटीआयला गेली, इलेक्ट्रिशियन ट्रेडला. दोन वर्षं तिथं. मग अख्ख्या देशाला एकच असते ती परीक्षा. मग एक वर्ष चाकणच्या एका कंपनीत ॲप्रेंटिस. लोक विचारायचे, पोरगी काय करायली? मी हे सगळं एका दमात सांगायचे, आणि सांगून झालं की घरी जाऊन तिच्या बाजेवर आडवी पडायचे. तिच्या उशीला मात्र डोकं लावायचे नाही. पाहुणे आले तरी ती उशी देऊ द्यायचे नाही. सणाला ती यायची तेव्हा तिच्या ओढणीला मोटारीला लावतात त्या वॉर्निशचा वास असायचा. एकदा तिची ओढणी इथंच राहिली. अव्वा धुवायला मागत होती, मी शाळेच्या दप्तरात घालून नेली.

या आषाढात ती आली ती कायमची, असं आम्ही धरून चाललो होतो. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, भांड्यांचं दुकान आहे. शेजारचा गाळा रिकामा झाल्याबरोबर अप्पांनी तो अक्कासाठी घेतला. आमच्याकडं शेतातल्या मोटारी सारख्या जळतात, आणि जळलेली मोटार भरून घ्यायची, म्हणजे आतली सगळी तार नव्यानं गुंडाळून घ्यायची, तर माणसं पार उदगीरला जातात. अप्पांनी मठातल्या स्वामींना विचारून दुकान उघडायला श्रावणातला पहिला सोमवार ठरवला. मी रोज शाळेतून थेट गाळ्यात जाऊन दोन स्टूल पुसायचे, एक तिचा, एक माझा. ती तार गुंडाळणार, मी तारेखाली घालायचा कागद कापून देणार, आणि गिऱ्हाइकाशी बोलणार अर्थातच मी.

गुरुवारी दुपारी गच्चीवर शेवया वाळत होत्या. आम्ही दोघी कावळे हाकत बसलो होतो. अक्का म्हणाली, "सृष्टे, मला हैदराबादला नंबर लागलाय."

"कसला?"

"चाकणला असताना एक परीक्षा दिली होती. केंद्र सरकारची संस्था आहे. एक वर्षाचा कोर्स. तिथं शिकवायला शिकवतात."

"तुला तर सगळं येतं की."

"येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं. हा कोर्स केला की आयटीआयला निदेशक म्हणून, म्हणजे शिकवायला, अर्ज करता येतो." ती बोटानं शेवया सारख्या करत होती. "कंपनीत नवी पोरं आली की साहेब माझ्याकडं द्यायचे. एक पोरगी होती, तिची तार सारखी तुटायची. एक दिवस तिची कॉइल नीट बसली. तिचं तोंड बघितलं ना मी, तेव्हा जे वाटलं ते मोटार चालू झाल्यावरपण कधी वाटलं न्हाई."

"मग दुकान?"

"तेच तर. अप्पांशी तू बोल."

"मी कशाला?"

"तुझं ऐकतात ते. मी बोलायला गेले की मला रडू येतं."

मला काय येतं ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बोलते म्हणाले.

संध्याकाळी दुकानात गेले. वाटेत माझ्या मनात एकच घोळत होतं. नुसतं थोडं वाकडं बोलायचं. 'अप्पा, अक्काला अजून शिकायचंय म्हणे' एवढंच तोंड पाडून म्हटलं की अप्पा नाही म्हणणार. अक्का थोडे दिवस रुसेल आणि मग शेजारच्या स्टुलावर बसेल. रोज.

दुकानात ईश्वरप्पा काका बसलेले. त्यांची जळलेली मोटार आधीच गाळ्यात येऊन पडली होती. "काय बाई," ते म्हणाले, "तुमचा सोमवार कधी हाय?"

"सोमवारीच आहे काका."

मग मी अप्पांना सांगितलं. तोंड पाडून सांगायचं होतं, पण एकदा सुरू झाले की माझं मलाच ऐकू येत नाही. म्हणाले, "अप्पा, आयटीआयचा कागद म्हणजे हिला काम येतं. ॲप्रेंटिसचा कागद म्हणजे हिनं ते कंपनीत करून दाखवलंय. आता हैदराबादचा मिळाला की ही दुसऱ्यांना घडवू शकते. देशातल्या कुठल्याही आयटीआयला अर्ज करता येतो."

अप्पा घागर पुसायचे थांबले. ईश्वरप्पा काका हळूच म्हणाले, "कुठल्याबी म्हंजी इथल्याच असं न्हाई की मग."

आता मला काही करायची गरजच नव्हती, नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. अप्पांच्या चेहऱ्यावर 'नको' येताना मला स्पष्ट दिसत होतं.

"न्हाई," मी म्हणाले, "इथंच मिळेल असं न्हाई. लांब मिळेल कदाचित. तरी जाऊ द्या तिला."

अप्पांनी माझ्याकडं नीट बघितलं. "रोज स्टूल पुसायलीस तू. तुला नको का ती घरी?"

"पाहिजे," मी म्हणाले. "लई पाहिजे. पण अडकवून ठेवलेली नको."

अप्पांनी घागर खाली ठेवली आणि फोन काढला. "स्वामीजी, रेवणप्पा बोलतोय. तो सोमवारचा मुहूर्त आता नको. न्हाई, सगळे बरे हाव. पोरगी शिकायला चालली. हाव, अजून." फोन ठेवून नाक शिंकरलं.

"आन् माझी मोटार?" काका म्हणाले.

"ती भरल्याबिगर मी तिला बसमध्ये चढू देत न्हाई."

घर दुकानापासून जवळच आहे, सरळ गल्लीनं गेलं की आलंच. मी बाजाराकडून वळले. तिथून शाळेच्या मागनं, मग पाण्याच्या टाकीला वळसा. मी सांगेपर्यंत अक्का इथंच राहणार होती. ओळखीची एक काकू भेटली, तिच्याशी तिच्या जावयाबद्दल बोलले. जावयात मला काडीचा रस नव्हता.

शेवटी गल्ली आलीच. अक्का दारात उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"इतका वेळ?" ती म्हणाली. "न्हाई म्हणाले ना?"

मी पायरीवर बसले आणि तिलाही हात धरून खाली बसवलं.

"सांगते की," मी म्हणाले. "आधी जरा बस माझ्याजवळ."