दोन मिळव

बसा हो तुम्हीही इकडे पंख्याखाली, तुमचा एसी काही गार करत नाही. तुम्हाला करी रोडच्या लवूची गोष्ट सांगतो. लांबण लावणार नाही. चहा येईपर्यंत अर्धी होईल, पिऊन होईपर्यंत पुरी.

लवू म्हणजे चाळीच्या गोविंदा पथकाचा शिकवणारा. दिवसा समोरच्या टॉवरमध्ये लिफ्टवर बसायचा, संध्याकाळी चौकात पोरांचे थर लावायचा. साठीला आलेला, एक गुडघा कामातून गेलेला, आवाज मात्र मिलच्या भोंग्याचा. सगळे त्याला मामा म्हणायचे. चारचौघांत बायकोसुद्धा मामाच म्हणायची.

आता, हंडीत सगळ्यात वर जो एकटा चढतो, त्याला एक्का म्हणतात. एक्का हलका पाहिजे आणि बिनघोर पाहिजे. लवूला तसा मिळाला गंग्या. कागदावर गंगाधर, आजोबांचं नाव. आई माया चार घरच्या पोळ्या करायची. बाप गावाला जाऊन येतो म्हणून गेला, तो अजून जातोच आहे. गंग्या बारा वर्षांचा, आणि भरलेला गॅस सिलिंडर त्याच्यापेक्षा जड.

अडचण एकच. चौदाच्या आतलं पोर वर चढवायचं नाही असा नियम. लवूने डोकं चालवलं. नियम वयाला आहे, वय कागदावर आहे, आणि कागद आपल्या हातात आहे. त्याने पथकाच्या ओळखपत्रावर जन्मसाल दोन वर्षं मागे टाकलं, फोटो चिकटवला, नाक्यावरून प्लास्टिक मारून आणलं. मग गंग्याला समोर उभा केला.

"वय किती रे?"

"बारा."

"आणि पोलिसाने विचारलं तर?"

"बारा."

लवूने टपली मारली. "दोन मिळव, मेल्या! पोलीस असू दे, साहेब असू दे, टीव्हीवाला असू दे. दोन मिळव, पुढे 'पूर्ण' लाव. मी सांगेपर्यंत बदलायचं नाही. काय?"

"चौदा पूर्ण, साहेब."

"शाब्बास."

पोरगं शाळेत गणितात दरवर्षी गचकायचं, पण ही बेरीज कधी चुकली नाही. पुढच्या वर्षी पंधरा पूर्ण, मग सोळा पूर्ण. पोलीस मान हलवायचे, गंग्या वर जायचा.

मग तो अंगाने भरला. एक्क्यावरून खालच्या थरात आला, खालच्या थरातून कडेला, आणि एक दिवस त्याला कोणी बोलवेनासं झालं. लवूच्या हे ध्यानात आलं नाही, त्याच्या ध्यानात नवा एक्का होता. शाळा नववीत सुटली, तेही कोणाच्या ध्यानात आलं नाही. दोन थोराड पोरांच्या मात्र आलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी त्या दोघांनी गंग्याला मागच्या गल्लीतल्या टॉवरवर चढवला. सांडपाण्याचा पाइप धरून चौथा मजला. एसीचा डबा बाहेर असतो ना, त्याला तांब्याची नळी असते. ती कापून खाली टाकायची, भंगारवाल्याकडे द्यायची. गंग्याने कापली, टाकली. नळी घेऊन पोरं पसार. गंग्या वरच.

हवालदार आला तेव्हा तो छज्ज्यावर पाय सोडून बसला होता.

"उतर खाली!"

"उतरता येत नाही."

हे खोटं नव्हतं. लवूने त्याला चढायला शिकवलं होतं. उतरायची वेळ कधी आलीच नाही, खालचे झेलायचे. शेवटी बंबवाल्यांनी शिडी लावली. तो खाली आला तेव्हा गर्दीत कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

ठाण्यात साहेबांनी विचारलं, "वय?"

"अठरा पूर्ण, साहेब."

खिशात ओळखपत्र निघालं. त्यावरही तेच. एवढा जुळणारा आरोपी रोज मिळत नाही. साहेबांनी लिहून घेतलं आणि गंग्याला मोठ्यांच्या लॉकअपमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी माया लवूला घेऊन कोर्टात आली. पायऱ्यांवर लतिका मॅडम भेटल्या, सरकारने फुकट दिलेल्या वकील. हातात फायलींचा गठ्ठा, तोंडात वडापाव.

"अठराच्या आतला असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे, आणि त्याला ठेवणार डोंगरीच्या मुलांच्या गृहात," त्या म्हणाल्या. "तिथे बेडी नाही, पोराचं पुढे काय करायचं ते बघतात. अठरा पूर्ण असेल तर मोठ्यांचं जेल. शाळेचा दाखला कुठाय?"

"शाळा पाडली ना, मॅडम," माया म्हणाली. "रजिस्टरं दुसऱ्या शाळेत पोत्यात आहेत. क्लार्क गावी गेलाय. सोमवारी या म्हणाले."

"आज गुरुवार. चार दिवस तो मोठ्यांत राहिला की काय शिकून येतो, ते मी बघितलंय. आणि तो मलासुद्धा अठराच सांगतोय! हे कार्ड बनवलं कोणी?"

मायाने लवूकडे बघितलं नाही. "पथकाचं आहे," एवढंच म्हणाली. अख्ख्या चाळीला माहीत होतं.

हंडी तीन महिन्यांवर आली होती. नवा एक्का अकराचा होता. त्याचं कार्ड परवाच प्लास्टिक मारून आलं होतं, तीन मिळवून चौदा पूर्ण.

"मॅडम," लवूने विचारलं, "बनवणारा बोलला तर त्याला काय होईल?"

"खोटा कागद केलाय. केस होईल. पथकही बसेल घरी."

"आणि नाही बोलला तर?"

"त्याला काही नाही."

"बरं," लवू म्हणाला आणि गुडघा धरून पायऱ्या चढला.

आत मॅजिस्ट्रेट साहेबांनी गंग्याला वर-खाली बघितलं. "वय?"

"अठरा पूर्ण, साहेब."

लतिका मॅडम उठल्या. "साहेब, मुलगा सोळाचा आहे."

"तो स्वतः अठरा म्हणतोय."

"त्याला तसं शिकवलंय, साहेब."

"कोणी?"

मागच्या बाकावरून भोंगा वाजला. "गंग्या! दोन वजा कर!"

पट्टेवाला धावला. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. गंग्याने लवूकडे बघितलं.

"साहेबांसमोर पण, मामा?"

"साहेबांसमोरच."

गंग्याने बोटं मोजायला घेतली. मिळवायची सवय होती, वजाबाकी नवीन. कोर्ट थांबलं.

"सोळा," तो म्हणाला. "पूर्ण लावू काय?"

"लाव. पूर्ण खरं आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही कोण?"

"कार्ड माझ्या हातचं, साहेब. लवू म्हणतात."

लवूने सगळं सांगितलं. लिहून झालं, सही झाली. साहेब म्हणाले, सोळाचा असेल तर हा माझ्याकडचा नाहीच, आजच मंडळाकडे न्या, दाखला तिथे द्या. मग त्यांनी लवूला विचारलं, "अशी आणखी किती कार्डं आहेत?"

लवूने एक बोट वर केलं. "एक, साहेब. नवीन आहे."

"ते उद्या आणून द्या."

डोंगरीला पिंजरा नव्हता, टेबल होतं. मंडळाच्या मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, पाणी हवं का? गंग्या घाबरला. त्याला वाटलं ह्याचंही काहीतरी उत्तर ठरलेलं असणार. दाखला मंगळवारी आला, सोळा वर्षं चार महिने.

"चढलास कशाला?" मॅडमनी विचारलं.

"त्यांनी चढ म्हटलं."

"कोणीही चढ म्हटलं की चढतोस?"

"कोणी म्हणत नव्हतं, मॅडम. बरेच दिवस."

लवू बाहेरच्या बाकावर होता. दार उघडं होतं. नंतर मायाने त्याला चहा आणून दिला, तो त्याने थंड होऊ दिला.

मंडळाने गंग्याला घरी सोडला. दर महिन्याला ऑफिसर बाईंसमोर हजेरी, आणि काहीतरी हुन्नर शिकायचा. वर्ग कुठला मिळाला? एसी दुरुस्तीचा. कोणी हसलं नाही.

पथक त्या वर्षी घरी बसलं. लवूला अजून तारखा पडतात. नळी नेणाऱ्या त्या दोन पोरांचा पत्ता नाही. पण चौकात एक नवीन काम चालू झालं. लवूने कंबरेचा पट्टा आणला, जाड दोर आणला, आणि पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून गंग्याला उतरायला शिकवायला लागला. "खाली कोणी नाही असं समज," म्हणायचा, आणि खाली स्वतः उभा राहायचा.

याला आता दोन वर्षं होतील. गंग्या खरोखरच अठरा पूर्ण झालाय, बाहेरच्या डब्यांची कामं घेतो. आता तुमच्या घरातला हा एसी गळतोय, मघापासून बघतोय मी. बोलवा त्याला. आणि वय विचारलंत तर लगेच शंका घेऊ नका. मिळवायचं की वजा करायचं, याचा त्याला थोडा घोळ होतो. तेवढा वेळ द्या.