विबेकेचा बूट आणि बंदरातल्या लाटा

विबेके आम्हाला विज्ञान शिकवायची आणि बाराही महिने पिवळे लाकडी बूट घालायची. आमच्या शाळेत शिक्षकांनाही नावानेच हाक मारायची पद्धत होती. सप्टेंबरात लाटांचा धडा आला तेव्हा ती म्हणाली, "बंदर हाकेच्या अंतरावर असताना फळ्यावर लाटा काढायला मी काही खुळी नाही." आमचा अख्खा सातवीचा वर्ग तिच्यामागे निघाला.

मासळीच्या गोदामाआड वारा लागत नाही. तिथलं पाणी अगदी निवांत होतं. विबेके धक्क्यावर पाय सोडून बसली, खडा टाकायला वाकली आणि तिचा उजवा बूट निसटून पाण्यात पडला. बुडाला नाही, पण तरंगत हात पोहोचणार नाही इतका लांब गेला.

"थांब, उठू नकोस," आस्गर म्हणाला. "मी बुटाच्या पलीकडे दगड टाकतो. लाटाच आणून देतील तो."

"नाही आणणार," सिग्ने म्हणाली.

ही दोघं जुळी. आधी जन्माला कोण येणार यावरूनही त्यांचं वाजलं असणार, असं त्यांची आईच सांगायची.

"लावतेस पैज?"

"लावते. हरेल त्याने पाण्यात उतरून बूट आणायचा."

विबेकेने धक्क्याची शिडी पाहिली, गोदामाच्या भिंतीवर टांगलेलं, बुडत्याला फेकायचं जीवरक्षक कडं पाहिलं. दोघंही माशासारखी पोहतात हे तिला ठाऊक होतं. "चालेल," ती म्हणाली, आणि एका पायात बूट, एका पायात मोजा अशी मजा बघत बसली.

आस्गरने दगड टाकला. गोल लाटा पसरत आल्या, बुटाखालून गेल्या आणि भिंतीवर आपटून परत फिरल्या. बूट वर गेला, खाली आला, होता तिथेच राहिला.

"दगड लहान होता," आस्गर म्हणाला.

मग त्याने दोन्ही हातांनी धोंडा उचलून टाकला. लाटा उंच उठल्या, बूटही उंच उठला. पुन्हा जागच्या जागी.

"उंची वाढली, बाकी काही नाही," सिग्ने म्हणाली. "या उंचीला काय म्हणतात गं, विबेके?"

"आयाम. चालू द्या तुमचं."

आता आस्गर एकाच जागी भराभर खडे टाकू लागला. लाटा एकमेकींच्या जवळजवळ येऊ लागल्या आणि बूट नुसता घाईघाईने डोलू लागला. आम्ही हसू लागलो. हसता हसता आम्हीही खडे टाकले, तेव्हा दोन बाजूंच्या लाटा एकमेकींतून आरपार गेल्या, जणू काही घडलंच नाही.

"बघ, भेटल्या तरी भांडत नाहीत," सिग्ने म्हणाली. "शिक काहीतरी."

"तू शिक. पण लाट इथवर येते, मग पाणी का येत नाही?"

सिग्नेने जरा विचार केला. "आपण रांगेत उभे असताना मागच्याने ढकललं, तर धक्का पुढच्यापर्यंत जातो. मागचा थोडाच पुढे जातो? पाणी जागेवरच हलतं. पुढे जातो तो धक्का."

विबेकेचा चेहरा खुलला.

आस्गरने निमूटपणे जोडे काढले आणि कपड्यांसकट उडी मारली. त्या दिवसातली सर्वांत मोठी लाट त्यानेच उठवली. विबेकेचे दोन्ही पाय भिजले. बूट उंच झुलला, तरीही जागचा हलला नाही.

पोहत तो बुटापर्यंत गेला आणि तिथेच तरंगत ओरडला, "टाका दगड."

आम्ही टाकले. त्याचं डोकं वर-खाली होत राहिलं.

"खरंच गं," तो म्हणाला, "मीही पुढे सरकत नाही. मस्त वाटतंय पण."

"थंडी वाजत असेल तर वर ये," सिग्ने म्हणाली.

"अजून एक मोठा टाक ना, सिग्ने."

ती धोंडा शोधायला धावली. पुढे निम्मा वर्ग पाण्यात उतरला. बूट आस्गरने आणून दिला, पण विबेके वेळ विसरली, आणि गणिताच्या तासाला आम्ही ओल्या केसांनी, वाटेत घेतलेले दालचिनीचे पाव खात पोहोचलो.