दिबोरची कुस्ती

१९६३ साल. बाजरीची कापणी आटोपली होती आणि गावच्या कुस्त्यांचा दिवस उजाडला होता. फिलोमेन अंगणात बाजरी कांडत होती, आणि तिची सासू दिबोर कुडाला टेकून बसली होती. मासे साफ करता करता तिचं तोंडही चालू होतं.

“मुसळ धरलंय की वल्हं? ए भातखाऊ, बाजरी कांडायची असते. नदी पार करायची नसते.”

“हाताला बळ कुठून येणार, आई? वर्षभर तुमच्या घरी घोड्याचा चारा खातेय.”

“घोडा निदान ओझं तरी वाहतो.”

विहिरीवरून परतणाऱ्या बायका डोक्यावरची घमेली सावरत कुडापाशी थबकल्या आणि हसू लागल्या. रोजचीच गंमत होती ती. दिबोर आमच्यातली, सेरेर जमातीची. फिलोमेन पार दक्षिणेची, भातखाचरांच्या मुलखातली जोला. पूर्वी एका होडीतून दोन बहिणी निघाल्या, वाटेत होडी दुभंगली, एक उत्तरेच्या किनाऱ्याला लागली, एक दक्षिणेच्या. एकीची लेकरं सेरेर, दुसरीची जोला. तेव्हापासून सेरेराने जोलाला आपला गुलाम म्हणायचं, जोलाने सेरेराला, आणि रागवायचं कुणी नाही. शिवाय जोलाने चारचौघांत काही मागितलं, तर सेरेराने नाही म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याच्या घरात अवदसा शिरते.

फिलोमेनही पहिले काही महिने मनापासून हसली होती. हल्ली मात्र दिबोरच्या शब्दांना धार आली होती. थट्टा कुठे संपते आणि सासू कुठे सुरू होते, हे तिला उमगेनासं झालं होतं. विचारायची सोय नव्हती. थट्टेच्या नात्यात ‘खरंच म्हणताय का’ असं विचारणं म्हणजे हरणंच.

त्यातून दोन दिवसांपूर्वी जोगोयमामा येऊन गेला होता. दिबोरचा थोरला भाऊ. आमच्यात बापापेक्षा मामाचा शब्द मोठा, आणि भाच्याची पहिली बायको मामाचीच लेक असावी ही जुनी रीत. दिबोरचा मुलगा वाली मालवाहू जहाजावर कामाला होता. त्याने मामाच्या लेकीला, मोसानला सोडून जहाजाच्या वाटेवरची जोला मुलगी आणली, हे जोगोयच्या घशाखाली उतरलंच नव्हतं. वाली पावसाळ्यापर्यंत परतणार नव्हता. मामाने तीच संधी साधली.

“भाताची पोर भाताकडे जाऊ दे,” तो बाजेवर बसत म्हणाला होता. “सोमवारी काओलाकला ट्रक जातोय, त्यात बसवून दे. वाली आला की मोसानशी लग्न.”

फिलोमेन डोक्यावरून कापड ओढून गुडघ्यांवर बसली होती. नवऱ्याच्या मामापुढे सुनेने तोंड उघडायचं नसतं. तिथे थट्टेचं नातंसुद्धा मुकं होतं. तिने फक्त सासूकडे पाहिलं.

“तू म्हणशील तसं, दादा,” दिबोर म्हणाली, आणि मामासाठी पाणी आणायला आत गेली.

त्याच दिवशी फिलोमेनने आपलं गाठोडं बांधलं.

ऊन कलायला लागलं तसे ढोल सुरू झाले, आणि सगळं गाव चिंचेखालच्या मैदानाकडे धावलं. पंचक्रोशीतले मल्ल आले होते. दंडांवर ताईत, अंगावर मंतरलेल्या दुधाचे ओघळ, ते वाळूत शड्डू ठोकत नाचत होते. आम्ही पोरी घसा बसेतो गात होतो. एकेक मल्ल आपटला की धुळीचा लोट उठे आणि बायका डोईची फडकी भिरकावत. जिंकणारा रिंगणात फिरून आपली फुशारकी गाई, आणि तो बोलत असेपर्यंत खुद्द गावच्या मुखियानेही मध्ये बोलायचं नाही, असा आखाड्याचा कायदा होता.

दोन कुस्त्यांच्या मध्ये ढोलकरी दम घेत होते. दिबोर बायकांच्या घोळक्यातून उठली आणि थेट रिंगणात जाऊन उभी राहिली.

“ऐका हो! आमच्या घरी एक भातखाऊ आहे. तिच्या देशात म्हणे बायका कुस्ती खेळतात. पुरुष काय करतात कुणास ठाऊक, भात शिजवत असतील.”

मैदानभर हशा उसळला. फिलोमेन कडेला बसली होती. लग्नाआधी सलग तीन हंगाम तिने आपल्या गावच्या पोरींना चितपट केलं होतं, हे वाली सोडून इथे कुणाला ठाऊक नव्हतं. ती उठली नाही.

“बघा, बसलीच,” दिबोर म्हणाली. “भाताने पोट फुगतं, दंड नाही फुगत.”

“आई, पुरे झालं,” फिलोमेन खालच्या आवाजात म्हणाली.

“आई कोण? इथे मी तुझी मालकीण. की सोमवारी गावी जाऊन सांगणार आहेस, म्हातारीला भ्याले म्हणून?”

फिलोमेन उठली. तिने चपला काढल्या, कमरेचं कापड दोन पायांमधून घेऊन मागे खोचलं आणि वाळूत उतरली. सेरेर बाया कुस्ती खेळत नाहीत. त्या गाणी म्हणतात. त्यामुळे हिच्याशी लढणार कोण, असं जो तो शेजाऱ्याला विचारत होता. तेवढ्यात दिबोरने स्वतःचा काष्टा मारला.

पुरुषांच्या रांगेतून जोगोय अर्धवट उठला. “अगं, काय चालवलंयस? नातवंडं खेळवायचं वय तुझं.”

“नातवंडं तू होऊ देशील तेव्हा ना, दादा,” दिबोर म्हणाली आणि तिने ढोलकऱ्यांना हात केला.

ढोल असे कडाडले की झाडावरचे बगळे उडाले. दोघी वाकून एकमेकींभोवती फिरू लागल्या. दिबोरने सुनेचा हात झटकला, फिलोमेनने पट काढायला बघितलं, दिबोर मागे सरकली, लोक ओरडत उभे राहिले. मग दोघी भिडल्या. खांद्याला खांदा, कानाला कान. सासूचे हात रुतावेत तितके घट्ट होते. ढोलांच्या गदारोळात फिलोमेनला कानाशी तिचा श्वास ऐकू आला, आणि पाठोपाठ शब्द.

“पाड मला. आणि मग माग.”

फिलोमेनची पकड सैल पडली.

“अगं, कधीची पेटवतेय तुला. पाड की.”

फिलोमेनने तिच्या कमरेला विळखा घातला, तिला मांडीवर उचललं आणि सगळ्या गावादेखत चितपट केलं. हलक्या हाताने नाही. म्हातारीची पाठ वाळूवर आपटल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

पुढे जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पोरी किंचाळल्या, म्हाताऱ्यांनी काठ्या उंचावल्या, एका मल्लाने आपला ताईत काढून फिलोमेनच्या दंडाला बांधला. धापा टाकत तिने रिंगणाला एक फेरी मारली आणि जोगोयसमोर थांबली. डोक्यावर कापड नव्हतं. ती आता कुणाची सून नव्हती, जिंकलेला मल्ल होती.

“मी दियाता घराण्याची फिलोमेन!” ती गरजली. “ही माझी गुलाम आहे, आणि हिचा भाऊ माझा गुलाम. गुलामाचं घर ते मालकाचं घर. म्हातारीची चूल मी मागते, तिचं अंगण मागते, तिचा मुलगा मागते. माझ्या घरातून मला ट्रकमध्ये घालणारा कोण गुलाम आहे, त्याने पुढे यावं!”

ढोल थांबले होते. सगळे जोगोयकडे पाहत होते. त्याने आधी वाळूत पडलेल्या बहिणीकडे पाहिलं. ती उठून बसली होती आणि केसांतली वाळू झटकत होती, जणू तिचा या सगळ्याशी काही संबंधच नव्हता. मग त्याने कितीतरी वेळ आपली दाढी खाजवली.

“ट्रकवाल्याला निरोप द्या,” तो शेवटी म्हणाला. “म्हणावं, सोमवारी थांबू नकोस. आमच्याकडून जाणारं कुणी नाही.”

वाली पावसाबरोबर परतला. आल्या आल्या गावाने त्याला कुस्तीची गोष्ट सतरा प्रकारे सांगितली, पण त्या विळख्यात काय बोलणं झालं ते दोघींनी त्याला कधी कळू दिलं नाही. मला ते फिलोमेनने फार वर्षांनी सांगितलं. मोसानने फातिकच्या एका शिंप्याशी लग्न केलं. त्याच्यावर तिचा आधीपासूनच जीव होता, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं. फिलोमेनला पाच मुलं झाली. ती पोरं घरात बाजरीही खात आणि भातही, आणि दोन्हीला नावं ठेवत.

दिबोर गेली त्या वर्षी जोगोयला दिसेनासं झालं होतं. आमच्यात प्रेताची थट्टा करायला थट्टेच्या नात्यातलं माणूस लागतं. ते येऊन मेलेल्याला शिव्या देतं, नकला करतं, तेव्हा कुठे मेलेला सुखाने निघतो. गावात जोला एकच होती. अंगणभर माणसं वाट पाहत बसली होती, आणि फिलोमेन दिबोरच्या उशाशी नुसती रडत होती.

जोगोय काठी टेकत तिच्यापाशी आला.

“बोल गं,” तो म्हणाला. “तुझं काही ऐकल्याशिवाय ती जायची नाही.”

फिलोमेनने नाक पुसलं, घसा साफ केला आणि सुरुवात केली. तिन्हीसांजा होईपर्यंत ती थांबली नाही.